बँकेच्या इतिहासातला अर्धा तास

“सत्तावीस नंबर! सत्तावीस… अहो सत्तावीस, बाकावर बसलात की निजलात?”

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्याला बेचाळीस वर्षं झाली. आमच्या गावच्या बँकेत, जाळीच्या पिंजऱ्यात बसून कॅशियर तो काढायचे. गाव त्यांना भोंगा म्हणायचं. तोंडावर म्हणायचं, आणि तेही आनंदानं ओ द्यायचे. पितळेचं टोकन मुठीत घट्ट धरून लोक बाकावर बसत. मूठ उघडली की तळहातावर आकड्याचा ठसा उमटलेला असे. घरी गेल्यावर नातवंडं तो वाचत, आज आजोबा बावीस नंबर होते म्हणून.

बँकेत शिरलं की शाईचा, लाखेचा आणि ओल्या स्पंजचा वास यायचा, आणि समोरच्या भिंतीवर लंबकाचं मोठं घड्याळ दिसायचं. त्या घड्याळाला गावानं जेवढं मानलं तेवढं कुठल्या माणसाला मानलं नाही. आपलं मनगटावरचं आणि बँकेचं यांत फरक दिसला, तर माणूस मुकाट्यानं आपल्या घड्याळाचा कान पिळायचा. बँकेचं चुकलं असेल, असं मनात आणणंसुद्धा चांगल्या घरातल्या माणसाला शोभणारं नव्हतं.

तर ही बँक या महिनाअखेर एका मोठ्या बँकेत विलीन होणार. नदी समुद्राला मिळते तशी नव्हे; साखर चहाला मिळते तशी. गोडी राहील म्हणतात, पण पुन्हा चमच्यात घेऊन दाखवता यायची नाही. पाटी उतरायच्या आत बँकेचा चौसष्ट पानी इतिहास छापून व्हावा असं अध्यक्षांनी ठरवलं, आणि तो लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

माझ्याच का? मी तिथं एकतीस वर्षं सह्या तपासल्या म्हणून नव्हे. शिपायापासून मॅनेजरपर्यंत जो जो निवृत्त झाला, त्याच्या निरोपाला मी चार ओळी जुळवून म्हटल्या होत्या म्हणून. आईच्या तोंडच्या ओव्या ऐकत वाढलो, त्यामुळे माझं वाक्य सरळ चालता चालता मधेच ठेका धरतं. सह्यांच्या टेबलावर हा दोष होता. अध्यक्षांना तो गुण वाटला.

“तुम्ही कवी माणूस. तीन आठवड्यांत होईल ना?” ते म्हणाले. कवी माणसाला तीन आठवडे पुरतात अशी त्यांची समजूत कुणी करून दिली कोण जाणे.

घरी येऊन मी पहिल्या पानावर लिहिलं:

पितळी कडीला
सकाळचा हात
गाव निजे आत
निवांतसे

बायकोला दाखवलं. आमची ही बोलायला मोजकी. बँकेच्या समोरच घड्याळजींचं दुकान होतं, त्यांची ही मुलगी. लहानपणापासून कानाशी टिकटिक ऐकल्यामुळे असेल, उगाच मधे बोलायची तिला सवय नाही. तिनं ओळी दोनदा वाचल्या.

“छान आहे. पण सकाळी कडी उघडल्यावर गाव निजतं कसं?”

“निजतं म्हणजे निर्धास्त असतं. आत. आपल्या पुंजीच्या रूपानं.”

“मग ठीक,” ती म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. इतिहासाला सुरुवात झाली ती ही अशी.

गावात ही बातमी मी सांगितली नव्हती, त्यामुळे ती संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक चपला घालून खाली आले. ते चपला घालून आले की समजायचं, बसणार आहेत.

“सुरुवात कुठून करताय?”

“बँकेच्या पहिल्या दिवसापासून.”

“अरेरे!” त्यांनी अशी मान हलवली की मला उगाच अपराधी वाटलं. “आधी गुहेतला माणूस घ्या. त्यानं शेजाऱ्याला पहिल्यांदा काहीतरी उसनं दिलं. तिथून निघा.”

“चौसष्ट पानं आहेत हो.”

“मग प्रस्तावना मी लिहितो. तुमचा भार हलका.”

चौथ्या दिवशी एकोणीस पानांची प्रस्तावना आली. तिच्या शेवटच्या पानावरही माणूस गुहेतून पुरता बाहेर पडला नव्हता.

आता इतिहास म्हटला की त्यात एक तरी लढाई लागते. आमच्या बँकेच्या इतिहासात ती एकच आहे: गर्दीचा सोमवार. कुणी वरचे साहेब तपासणीला यायचे होते म्हणून मॅनेजरांनी बाक पॉलिश करायला रस्त्यावर काढले. नेमकं त्याच सकाळी भिंतीवरचं घड्याळ जन्मात पहिल्यांदा बंद पडलं, म्हणून ते उतरवून समोर घड्याळजींकडे दिलं. बाक रस्त्यावर आणि भिंतीवर घड्याळाच्या जागी पांढरा चट्टा! अकराच्या आत गावभर झालं: बँक बुडाली, सामान विकायला काढलंय. हे कुणी उठवलं ते आजवर कळलेलं नाही. रांग बँकेच्या दारातून निघाली ती चौक ओलांडून शाळेच्या भिंतीला टेकली. मॅनेजरांनी जाहीर केलं की आज काउंटर पाचपर्यंत उघडा राहील, आणि मला, सहा महिन्यांच्या नोकरीतल्या पोराला, एक पहारेकरी देऊन मोठ्या शाखेतून रोकड आणायला बसनं पिटाळलं.

मी रोकड घेतली आणि परत निघालो. वाटेत बसचा टायर पंक्चर झाला. दुसरा लावला, तोही बसला. माझ्या शेजारच्या सीटवर योगायोगानं घड्याळजीच होते. बँकेच्या घड्याळासाठी स्प्रिंग आणायला सकाळीच गेले होते. ती पुडी मांडीवर घेऊन बसले होते आणि माझ्यापेक्षा जास्त हळहळत होते. बँकेत पोचलो तेव्हा बाकी सारं शांत होतं. बँकेच्या घड्याळात सहाला पाच कमी होते. माझ्या घड्याळात पाच पंचवीस; पण ते धुळीनं मागे पडलं असणार, म्हणून मी तिथल्या तिथं अर्धा तास पुढे केलं. तर दुसऱ्या सकाळी ते अर्धा तास पुढे! असलं लहरी घड्याळ मी पाहिलं नव्हतं. पण एकट्या माझंच नव्हे, त्या आठवड्यात गावातल्या निम्म्या घड्याळांना काहीतरी झालं होतं. लोक म्हणाले, हवेत दमटपणा आहे. आणि सोमवारची बँकेसमोरची रांग मंगळवारी घड्याळजींच्या दुकानासमोर लागली. मीही तिच्यात होतो. घड्याळजींच्या मुलीनं माझं घड्याळ आठ दिवस ठेवून घेतलं. मी रोज विचारायला जायचो. नवव्या दिवशी घड्याळ मिळालं आणि दोन महिन्यांनी मुलगी.

असो. मुद्दा असा, की पैसे निघालेत या नुसत्या बातमीनं लोक शांत झाले आणि बँक वाचली, हे मी बेचाळीस वर्षं सांगत आलो आहे. लग्नाच्या पंगतींत सांगितलं, दवाखान्याच्या बाकांवर सांगितलं, एकदा दात काढून घेताना तोंडात कापूस असतानाही सांगितलं. बायको समोर असली की ऐकून घ्यायची आणि पाण्याचा ग्लास पुढे करायची. आता ते छापून यायचं होतं. खरं सांगतो, माझा जीव चौसष्ट पानांतल्या त्या एका पानात अडकला होता. पाटी गेली, बँक गेली, तरी त्या पानावर मी बसमधून उतरतच राहणार होतो.

पण गावाला माझं पान मान्य नव्हतं. न्हावी म्हणाला, त्याच्या आजोबांनी त्या दिवशी भरल्या रांगेत पिशवीभर पैसे काउंटरवर ओतले आणि ओरडले, “माझे भरून घ्या!” ते पाहून लोक परतले. औषधांच्या दुकानदाराच्या आजोबांनीही तेच केलं होतं. शिंप्याच्या आजोबांनीही. अध्यक्षांचे आजोबा तर पोतं घेऊन आले होते, आणि त्यांचा फोटो पानोपानी घ्यायचा होता. आठवड्यात अकरा आजोबा जमले. अकरा आजोबांनी खरंच ओतलं असतं, तर काउंटर मोडून पडला असता आणि भोंगा त्याखाली गेला असता. मी ठरवलं, आता जुनी रजिस्टरंच काढायची.

मॅनेजरीणबाई वयानं माझ्या मुलीएवढ्या आणि वागायला फार गोड. गोड माणसाकडून नकार मिळाला की भांडताही येत नाही.

“सर, जुनं रेकॉर्ड आता अर्धं आपलं आणि अर्धं त्यांचं. तीन प्रतींत अर्ज लागेल.”

मी तीन प्रतींत अर्ज दिला. त्यांनी संगणकात पाहिलं, अर्ज पाहिला, पुन्हा संगणकात पाहिलं.

“सर… सही जुळत नाही.”

“बाई,” मी म्हणालो, “या इमारतीत एकतीस वर्षं हे वाक्य मी म्हणत आलोय.”

“हो ना सर. म्हणूनच मला फार वाईट वाटतंय.”

मी पुन्हा सही केली. ती पहिलीशीही जुळेना. तिसरी तर अशी वाकडी आली, की मी टेबलापलीकडे बसलो असतो तर त्या माणसाला पोलिसात दिलं असतं. शेवटी हयातीचा दाखला आणि ओळख पटवणारा एक खातेदार, एवढ्यावर भागलं. मी जिवंत आहे हे मी स्वतः सांगून चालणार नव्हतं. मी बायकोला बोलावून घेतलं.

“काकू, तुम्ही यांना ओळखता?”

“ओळखते.”

“किती वर्षांपासून?”

बायको मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. लंबक आपला हलत होता. मग म्हणाली, “पुरेशी झाली. कुठे सही करू?”

तिची सही जुळली.

रेकॉर्डच्या खोलीत मी दोन दिवस शिंकत बसलो. तिसऱ्या दिवशी गर्दीच्या सोमवारचं रजिस्टर हाती लागलं. त्यात अकरातला एकही आजोबा नव्हता. त्या दिवशी पैसे भरायला कुणी आलंच नव्हतं. एकच वेगळी नोंद होती: ‘भिंतीवरील घड्याळ दुरुस्त होऊन परत. वेळ ३.००.’ पुढे आणून देणाऱ्याची सही. सही कसली, शाईत पाय बुडालेली कोंबडी कागदावरून पळावी तशी.

मी मोबाइलवर फोटो काढून घरी आणला. बायकोला चष्मा दिला.

“हे बघ. एकतीस वर्षांचा अनुभव सांगतो. माणूस पुरुष. शिक्षण बेताचं. स्वभाव घाबरट. आणि डावखुरा.”

“डावखुरा?” तिनं चटकन वर पाहिलं.

“शंभर टक्के. ओढ बघ ना अक्षराची.”

“बराच अभ्यास आहे हो तुमचा,” ती म्हणाली आणि चष्मा काढून पदरानं पुसत बसली. तो स्वच्छच होता.

मी पुस्तकात लिहिलं: ‘याच सुमारास कुणा अज्ञात इसमाने घड्याळ परत आणून दिले.’

राहता राहिले भोंगा. वय सत्त्याऐंशी. गावाच्या टोकाला मुलीकडे असतात. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत ते. तो आवाज आता कापसात गुंडाळून कपाटात ठेवल्यासारखा झालाय. माझी चाहूल लागताच म्हणाले, “काय रे पोरा, घड्याळ चालतं का आता तुझं?” आणि खोकला येईपर्यंत हसले.

मी गर्दीच्या सोमवारचं पान वाचून दाखवलं. पैसे निघाल्याच्या बातमीनं जमाव शांत झाला, इथवर आलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

“ती बातमी लोकांना कुणी दिली?”

“मॅनेजरांनी दिली असेल.”

“त्यांनी दिली. लोक म्हणाले, तो पोरगा पैसे आणायला नाही गेला, पैसे घेऊन पळाला. तुझं नाव घेऊन म्हणाले.”

मी पाणी मागितलं.

“आणि तू आलास तेव्हा काय म्हणालास, आठवतं?”

आठवत नसेल कसं? दारात उभा राहून, पिशवी छातीशी धरून मी मोठ्यानं म्हणालो होतो, “घाबरू नका, पैसे आले!”

“आत गिऱ्हाइकं किती होती?”

मी आठवून पाहिलं. आत मॅनेजर होते, पिंजऱ्यात भोंगा होते, आणि घड्याळाखाली स्टुलावर पाठमोरं कुणीतरी काम करत होतं.

“एकही नव्हतं ना? मग घाबरू नका कुणाला म्हणालास रे?” पुन्हा हसू, पुन्हा खोकला. मग एकदम शांत होऊन म्हणाले, “पाचचे ठोके ऐकून मी जाळी लावली तेव्हा पेटीत किती उरलं होतं सांगू? आणखी सात टोकनं पुकारली असती तर पेटीचा तळ लोकांना दिसला असता. सात. मी ओळीनं हळूहळू पुकारत होतो, खोकत होतो, चष्मा शोधत होतो. तरी सातच.”

“मग बँक वाचवली कुणी?”

“ज्याचं त्यानं सांगावं,” ते म्हणाले. “मी आपला नंबर पुकारणारा माणूस.”

घरी येईपर्यंत चार किलोमीटर चाललो. रिक्षा मिळत होत्या, पण माझी मान अशी खाली गेली होती की हात वर होईना. छापखानेवाल्याचा निरोप येऊन पडला होता: उद्या सकाळी शेवटची पानं द्या, नाहीतर पुस्तकाआधी पाटी उतरेल.

दुपार उतरत होती. बायको गॅलरीत माझ्या शर्टाचं बटण लावत होती. मी समोर बसलो आणि ते पान पुढे घेतलं. बेचाळीस वर्षं सांगून सांगून गुळगुळीत झालेलं वाक्य होतं. पितळेच्या टोकनासारखं, हातात धरलं की बरं वाटणारं. मी त्याच्यावर रेघ मारली. मग दुसरी मारली, म्हणजे पहिलीची मलाच दया यायला नको. खाली लिहिलं: ‘त्या दिवशी बँक कुणी वाचवली हे प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही. लेखकाने वाचवली नाही, एवढे नक्की. तो उशिरा आला.’

वाचून दाखवलं. बायकोची सुई थांबली.

“हे छापणार?”

“हो.”

“खरंच?”

“खरंच. अकरा आजोबा कापले, मग बाराव्याला कशाला सोडू?”

तिनं दोरा दातानं तोडला. शर्ट घडी करून मांडीवर ठेवला.

“मग ‘अज्ञात इसम’ पण खोडा,” ती म्हणाली. “ती सही माझी आहे.”

मी हसलो. तज्ज्ञ माणूस हसतो तसा. “अगं, तो माणूस डावखुरा…”

“डाव्या हातानंच केली. उजव्या हाताचं बोट लंबकावर होतं.”

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिचं लक्ष त्या आवाजामागे गेलं आणि परत आलं.

“सकाळी शिंप्याची बायको दुकानात आली. बँकेचं घड्याळ इथं कसं, विचारायला लागली. मी थट्टेनं म्हटलं, बँक बंद होतेय, सामान विकायला काढलंय, बाक हवाय का? एवढंच. तासाभरात रांग शाळेपर्यंत. मला वाटलं, आता घर जळणार गावाचं, आणि काडी माझी. तीनला ते घड्याळ उचललं नि गर्दीतून घेऊन गेले. घड्याळ परत आलं, घड्याळ परत आलं, म्हणत लोकांनी वाट दिली. चालेल का ते? चालणार कसं? स्प्रिंग तर बाबांच्या मांडीवर होती, तुमच्या शेजारी, बंद पडलेल्या बसमध्ये.”

“मग…”

“मग काय. काच उघडून स्टुलावर उभी राहिले. तेल घालतेय म्हटलं. बोटानं लंबक हलवायचा, दर थोड्या वेळानं बोटानं काटा सारायचा. लोक पैशांकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघत होते. चालतंय म्हणजे बँक आहे. भोंगाकाकांनी जाळीतून पाहिलं आणि दोन बोटं वर केली: जरा भरभर. मग मी काटा थोडा थोडा जास्त सारला. पाच वाजवले तेव्हा खरे साडेचार झाले होते. ठोके पण हातानंच पाडले. कुणी हूं की चूं केलं नाही. मनगटावर घड्याळ होतं त्यांनी आपापली पुढे केली आणि घरी गेले. उद्या या, म्हटलं तर उद्या आले. तोवर तुमचे पैसे होते, आणि बाबांनी स्प्रिंग बसवून काटे खऱ्या वेळेवर आणले होते.”

गर्दीचा सोमवार, दमट हवा, आठ दिवस ठेवून घेतलेलं माझं घड्याळ, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून लंबकासारखं एकदा इकडे आणि एकदा तिकडे गेलं.

“माझ्या घड्याळाला काहीच झालं नव्हतं?”

“काही नव्हतं झालं. गावात खरं चालणारं तेवढंच एक होतं, तुम्हीच त्याचा कान पिळलात.”

“आणि हे तू मला बेचाळीस वर्षं सांगितलं नाहीस?”

“काय सांगायचं? सांगितलं तर अफवा उठवणारी मी, आणि बँक वाचवणारे तुम्ही नाही. दोघांचंही नुकसान. तुम्ही पंगतीत सांगायचात तेव्हा किती छान दिसायचात.”

मी पेन उचललं. काय लिहायचं ते सुचेना. कवी माणूस, तीन आठवडे संपलेले, आणि एक ओळ सुचेना. एवढंच म्हणालो, “म्हणजे मी त्या दारात उभा राहून जे ओरडलो, ते रिकाम्या बँकेलाच.”

“रिकामी कुठे?” ती म्हणाली. शर्ट तिनं उगाचच उलगडला आणि पुन्हा घडी घातली. “पाच वाजून गेले तरी लोक खिडकीतून डोकावत होते. लंबक थांबवता येईना. बोट सुजलं होतं. मागं वळून बघायची हिंमत नव्हती, बाबा कुठे अडकलेत ठाऊक नव्हतं. आणि मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, घाबरू नका.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “घाबरलेली तिथं मी एकटीच होते हो. आणि मला धीर आला होता.”